ड्रेस्डेनहून प्राग, शनि-रवि, एकट्याने... जाऊ का?

अर्धवट_झोप

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण युरोपात शिकलेत किंवा अजून तिथेच आहेत म्हणून विचारतोय. मी ऑक्टोबरपासून ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय. सहा महिने झाले आणि पाहिलं काय, तर हॉस्टेल, लायब्ररी आणि कोपऱ्यावरचं सुपरमार्केट. प्राग इथून ट्रेनने अडीच तास. स्टेशनवर बोर्डावर रोज 'प्राहा' दिसतं आणि रोज मी त्याच्याखालून एस-बान (लोकल ट्रेन) पकडून निमूट निघून जातो.

तर शेवटी तिघांनी मिळून प्लॅन केला, परवाचा शनिवार-रविवार. तिकीट काढलं, सगळ्यात स्वस्तातलं, म्हणजे रद्द केलं तर एक छदाम परत येत नाही असं, हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत बेड बुक केला, आणि काल दोघांनीही टांग दिली. एकाला कामाची शिफ्ट लागली, दुसरा म्हणे बजेट नाही (हे त्याला तिकीट काढायच्या आधी माहीत नव्हतं का, असो).

आता एकट्याने जाऊ की पैसे गेले म्हणून गप्प बसू? एकट्याने परक्या शहरात कधी राहिलेलो नाही, भाषा शून्य, जर्मनच अजून धड येत नाही तिथे चेक कुठून येणार. तिथे युरो चालतात का? कागदपत्रं काय लागतील? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. एक्सेलमध्ये १७ ठिकाणांची यादी केलीय, दोन दिवसांत होतील ना?

ता.क. आईला तिघं जातोय असंच सांगितलंय.

खिडकीची_सीट

जा. पुढचं नंतर वाच, आधी ठरवून टाक. मी लाइपझिगला चार वर्षं होतो आणि सगळ्यात चांगल्या ट्रिपा एकट्याने झाल्या, कारण कुणाला विचारावं लागत नाही की आता जेवायचं की चालायचं.

कागदपत्रांचं नीट ऐक. जर्मनीचं रेसिडन्स कार्ड असेल तर वेगळा व्हिसा नको, चेक रिपब्लिक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांचा गट, आपसात बॉर्डरवर व्हिसा लागत नाही) आहे, १८० दिवसांत ९० दिवस असं फिरता येतं. पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही ओरिजिनल बरोबर हवं, मोबाईलमधला फोटो नाही. शेंगेन म्हणजे तपासणी नाही असं समजून लोक कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून जातात. जाताना बहुतेक कुणी विचारणार नाही, पण येताना बॉर्डर ओलांडली की जर्मन पोलिस डब्यात येऊ शकतात, २०२३ पासून त्या बॉर्डरवर पुन्हा तपासणी सुरू आहे. आणि तुझं कार्ड संपून त्याच्या जागी तो तात्पुरता कागद मिळाला असेल तर मित्रांच्या भरवशावर निघू नकोस, परदेशी विभागाच्या ऑफिसात विचारून घे, कारण त्या कागदावर नेमक्या कुठल्या चौकोनात खूण आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. सरकारी हेल्थ इन्शुरन्स असेल तर कार्डाची मागची बाजू बघ, तेच युरोपियन कार्ड असतं, इमर्जन्सीत तिकडे चालतं. प्रायव्हेट असेल तर पॉलिसी वाच.

पैसे: चेक लोक ईयूत, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, २००४ सालीच आले पण युरो घेतला नाही, कोरूना चालतो. एका युरोला साधारण २४-२५ कोरूना. टुरिस्ट दुकानात युरो घेतात पण रेट त्यांच्या मर्जीचा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. एटीएम किंवा कार्डमशीन विचारेल की 'युरोत घेऊ का?', तिथे नाही म्हणायचं आणि कोरूनाच निवडायचं, नाहीतर तो रूपांतराचा रेट अंगाशी येतो. रस्त्यात कुणी माणूस येऊन मी चांगला रेट देतो म्हणाला तर त्याच्याकडे बघूसुद्धा नको, हातात भलत्याच देशाच्या नोटा ठेवतात. आणि हे लक्षात ठेव: मनी एक्स्चेंजच्या खिडकीवर फसलास तर २०१९ पासून तिथे कायदा आहे, १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती फेकू नकोस.

ट्रेनमध्ये जाताना डाव्या बाजूला बस. ड्रेस्डेन सुटलं की थोड्या वेळात एल्बे नदी डाव्या हाताला येते आणि मग पलीकडे ते वालुकाश्माचे उभे कडे, बाड शांडाऊ, मग बॉर्डर, तिथून तीच नदी लाबे होते. फोन खिशात ठेव तेवढा वेळ. डायनिंग कार चेक असेल तर तिथे खरंच स्वयंपाक होतो, पाकीट फोडून गरम करत नाहीत, जाऊन एक सूप तरी पी.

मनीमाऊ_प्राहा

वर +१, डाव्या बाजूचं तर दोनदा +१.

मी प्रागला एक सेमिस्टर होते एक्स्चेंजवर, त्यामुळे आता माझं थोडं लांबेल. पहिली गोष्ट म्हणजे ते एक्सेल डिलीट कर. १७ ठिकाणं दोन दिवसांत होतात, का नाही होत, पण मग तुला प्राग दिसत नाही, गूगल मॅप दिसतो.

दुसरी गोष्ट, ही कुणी सांगत नाही आणि शनि-रविवारी येणारे हमखास इथेच आपटतात. योझेफोव, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, तिथली म्युझियमची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि ती जुनी दफनभूमी शनिवारी बंद असते, सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आणि किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे टुरिस्टना बंद, दुपारी बारानंतर उघडतं. म्हणजे शनिवारी किल्ला, रविवारी योझेफोव. उलटं केलंस की दोन्ही दिवशी बंद दारांचे फोटो काढून परत येशील, आमच्या बॅचमधल्या चौघांनी काढलेत.

शनिवारी किल्ल्याला खालून चढत जाऊ नकोस. २२ नंबरची ट्राम धर (पाकीट पुढच्या खिशात, या ट्राममध्ये खिसेकापू प्रसिद्ध आहेत), किल्ल्याच्या स्टॉपवर सगळे उतरतील, तू बसून राहा, पुढे पोहोर्झेलेत्सला उतर. तिथून सगळा उतारच आहे. स्त्राहोवचा मठ, तिथल्या कठड्यावरून अख्खं शहर, मग किल्ला. चौकांमधून फिरायला तिकीट नाही, सिक्युरिटीची रांग असते तेवढी. कॅथेड्रलला आत नीट बघायचं तर तिकीट. पाया १३४४ ला घातला आणि पूर्ण झालं १९२९ ला, आपली थीसिस लांबली की आम्ही एकमेकींना हेच सांगायचो. खाली उतरताना नेरुदोवा गल्लीने उतर आणि दारांच्या वर बघत चल. १७७० मध्ये घरांना नंबर द्यायला लागले त्याआधी पत्ता म्हणजे दारावरचं चित्र, त्यामुळे तीन व्हायोलिनचं घर, दोन सूर्यांचं घर अशी घरं अजून आहेत.

चार्ल्स ब्रिज दिवसा बघायचा नाही. दिवसा तिथे पूल नसतो, माणसं असतात. एक दिवस सहाचा अलार्म लाव आणि जा, ५१६ मीटर आहे, सावकाश चाल.

तिकिटाचं: मेट्रोला गेट नाही, सरळ आत जाता येतं, म्हणून नवीन माणसाला वाटतं फुकट आहे. कागदी तिकीट घेतलंस तर पहिल्याच वेळी पिवळ्या डब्यात घालून शिक्का मारायचा, शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, इन्स्पेक्टर साध्या कपड्यात असतो आणि त्याला तुझी गोष्ट ऐकायची नसते. मला हजार कोरूनाचा दंड झालाय, तिकीट हातात असताना. ट्राममधल्या मशीनवर कार्ड टेकवून घेतलंस तर ते शिक्का मारलेलंच येतं.

खाणं: 'बेझ मासा' एवढं पाठ कर. चेकमध्ये मासो म्हणजे मांस, बेझ मासा म्हणजे मांसाशिवाय. हो, आपल्या कानाला ते माशाशिवाय वाटतं, मी पहिला आठवडा असंच समजून सांगत होते की मासा नको आणि मनात धाकधूक की चिकन आणतील, पण काम झालं. पबमध्ये स्माझेनी सीर मिळतं, चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रंबमध्ये तळलेला, बटाट्याबरोबर. एकदा खा. दोनदा खाल्लंस तर झोप येते. बटाट्याच्या सूपमध्येसुद्धा विचारून घे, कधी कधी बेकनचे तुकडे असतात. व्हेगन बुफे आहेत जिथे ताट भरायचं आणि वजनावर पैसे, शिवाय व्हिएतनामी लोक तिथे कम्युनिस्ट काळापासून आहेत त्यामुळे टोफूवाला फो (नूडल्सचं सूप) चांगला मिळतो, फक्त रस्सा कशाचा ते विचार. दारू पीत नसशील तर कोफोला पी, १९६० पासूनचं त्यांचं स्वतःचं कोला, नळाचं माग. औषधासारखं लागतं पहिल्या घोटाला, तिसऱ्याला आवडतं.

आणि तो त्रेदेल्निक, निखाऱ्यावरचा गोल गोल केक, प्रत्येक कोपऱ्यावर 'जुना चेक पदार्थ' म्हणून विकतात. खा खुशाल, पण माझ्या चेक मैत्रिणींच्या लहानपणी तो प्रागमध्ये नव्हता.

सडेतोड

मी उलटं सांगतो. प्राग म्हणजे दुसऱ्या देशातून पार्टीला आलेल्या दारुड्या पोरांचं शहर झालंय, शनिवारी रात्री जुन्या गावात झोप विसरा. तिकीट आहेच तर जा, पण रविवारी सकाळी ट्रेन पकडून कुत्ना होराला जा, तासाभरावर आहे. चांदीच्या खाणींचं गाव, सेंट बार्बरा चर्च बघितलंस की कॅथेड्रल विसरशील, आणि सेडलेत्सचं ते हाडांचं चॅपल, हजारो माणसांच्या हाडांची झुंबरं. फोटो काढायला बंदी आहे २०२० पासून, त्यामुळे लोक निदान बघतात तरी.

मनीमाऊ_प्राहा

सडेतोड, दोन दिवस आहेत त्याच्याकडे, त्यातला अर्धा दुसऱ्या गावात घालवायला लावताय. आणि पार्टीवाले ठराविक चार गल्ल्यांत असतात, नदी ओलांडून लेत्नाच्या बागेत कुणी येत नाही. तिथून सगळे पूल एका रांगेत दिसतात. तिथे आता एक मोठा मेट्रोनोम (संगीतात ताल मोजायचा लंबक) आहे, त्याच जागी स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता, १९५५ ला उभारला आणि १९६२ ला उभारणाऱ्यांनीच सुरुंग लावून उडवला. संध्याकाळी पोरं तिथे स्केटबोर्डिंग करतात.

सडेतोड

बरं बाई. पण हाडं ती हाडं.

जुना_नकाशा

अरे बाळा, सगळ्यांनी छान सांगितलंय, मी दोनच गोष्टी सांगतो, मी तिथे २०११ साली मुलीकडून जाऊन आलो.

जुन्या चौकात ते खगोलीय घड्याळ आहे, १४१० सालचं. दर तासाला खाली ही गर्दी जमते, सगळ्यांच्या माना वर. बारा प्रेषित (येशूचे शिष्य) खिडकीतून फिरून जातात, सांगाडा घंटा वाजवतो, मिनिटभरात संपतं आणि लोक म्हणतात, एवढंच? तू तिथून कोपऱ्यावरून वळ आणि खाली बघ. टाउनहॉलच्या पूर्वेच्या भिंतीपाशी फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत. १६२१ च्या जूनमध्ये बादशहाविरुद्ध उठलेल्या २७ जणांना तिथे मारलं. लोक त्यावर उभे राहून आइस्क्रीम खात होते, त्यांना माहीत नव्हतं, मलाही मुलीने सांगितलं म्हणून कळलं.

दुसरं, व्हेंसेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या समोर फुटपाथवर ब्राँझचा एक क्रूस आहे, जमिनीतून फुगून वर आल्यासारखा. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले आणि पुढच्या जानेवारीत यान पालाख नावाच्या विद्यार्थ्याने तिथे स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांचा होता. मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली होती ती आठवते. तू विद्यार्थी आहेस म्हणून सांगितलं.

आणि आईला खरं सांग. तिला कळणारच आहे.

अर्धवट_झोप

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद, जातोय. कार्ड, पासपोर्ट बॅगेत टाकलं. आजोबा, आईचं बघतो. (आजोबा म्हटलं तर चालेल ना?)

जुना_नकाशा

काका म्हण. एवढा नाही झालो अजून.

अर्धवट_झोप

मंडळी, आलो परत. काल रात्री पोचलो, आज लेक्चरला बसून हे टाइप करतोय.

डावी बाजू मिळाली. कडे आले तेव्हा समोरच्या आजी झोपल्या होत्या आणि मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं की बघा बघा, पण मग गप्प बसून बघितलं.

पहिला घोळ स्टेशनवरच. एवढं वाचून गेलो होतो तरी एका खिडकीवर मोठ्या अक्षरात 'कमिशन शून्य' दिसलं आणि हातात ५० युरोची नोट होती, दिली. ९०० कोरूना मिळाले. ट्राममध्ये बसल्यावर डोकं चाललं, म्हणजे १८ च्या रेटने. दोन स्टॉपवर उतरून परत आलो, पावती आणि नोटा काचेखालून सरकवल्या आणि म्हटलं, तीन तास, कायदा. आवाज थोडा कापत होता खरं सांगायचं तर. बाईंनी माझ्याकडे बघितलं, एक फॉर्म काढला, सही घेतली आणि ५० ची नोट परत दिली, एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीची_सीट, तुमचे आभार, त्या पैशांत माझं दोन वेळचं जेवण झालं.

किल्ला पोहोर्झेलेत्सवरून खाली, जसं सांगितलं तसंच. तीन व्हायोलिन सापडली. हॉस्टेलवर शहराचा कर म्हणून ५० कोरूना वेगळे मागितले, ते सुट्टे ठेवा कुणी जात असेल तर.

संध्याकाळी पबमध्ये गेलो, एकट्याने टेबलावर बसायची लाज वाटत होती, दोन वेळा दारावरून पुढे गेलो आणि मागे आलो. वेटरला मेनूवर एक बटाट्याचा पदार्थ दाखवून विचारलं, 'बेझ मासा?' तो म्हणाला, 'नो, नो.' म्हटलं ठीक आहे, मांस आहे म्हणजे. दुसरा दाखवला, बेझ मासा? 'नो, नो, नो.' तिसरा, सरळ चीजच होतं ते, तरी 'नो, नो' आणि वर मान हलवून हसतोय. मी बॅग उचलून निघालो तर तो मागे धावत आला, त्याला कळेना हा माणूस सगळ्याला हो म्हटलं तरी जातोय का. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं की चेकमध्ये 'आनो' म्हणजे हो, आणि बोलताना त्याचं 'नो' होतं. सगळं टेबल हसायला लागलं, मला त्यांच्यातच बसवलं. ती चार्ल्स युनिव्हर्सिटीत कीटकशास्त्र शिकते, पुढचा दीड तास मी गोमाशांबद्दल ऐकलं आणि मला आवडलं. एका कागदाच्या पट्टीवर वेटर प्रत्येक ग्लासाला एक रेघ मारतो, माझ्या पट्टीवर कोफोलाच्या चार रेघा.

रविवारी सहाला पूल. रिकामा वगैरे नव्हता, मनीमाऊ ताई, तीन नवऱ्या पांढऱ्या गाऊनमध्ये थंडीने कुडकुडत फोटो काढून घेत होत्या आणि एका नवरीने गाऊनच्या खाली स्पोर्ट्स शूज घातले होते. पण नदीवर धुकं होतं आणि ट्रामचा आवाज लांबून येत होता. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे साडेनऊ वाजले होते. ती म्हणाली आधी टोपी घाल, आणि मग म्हणाली, बाकीचे दोघं कुठेत? मी म्हटलं झोपलेत. ते तसं खरंच होतं, ड्रेस्डेनमध्ये. नंतर रात्री ट्रेनमधून फोन करून सांगितलं. ती म्हणाली मला तेव्हाच कळलं होतं, तीन पोरं असती तर सहाला एकही उठला नसता.

योझेफोवला पिंकास सिनेगॉगच्या भिंती नावांनी भरल्यात, जवळजवळ ७८ हजार नावं, हाताने लिहिलेली. आडनाव लाल, बाकी काळं. मी एका कुटुंबाचीच नावं वाचत राहिलो आणि मागे रांग झाली. त्यानंतर माझ्या यादीतलं काहीच बघितलं नाही. नकाशा काका, तुमच्या त्या ब्राँझच्या क्रूसापाशी गेलो, कुणीतरी साधी मेणबत्ती ठेवली होती, विझलेली. मी २३ चा आहे.

परत येताना बॉर्डरनंतर दोन पोलिस आले, पासपोर्ट आणि कार्ड बघितलं, अर्धा मिनिट. दोन रांगा पुढच्या एका मुलाकडे फोनमध्ये फोटो होता, त्याची चौकशी बाड शांडाऊपर्यंत चालली होती, पुढे काय झालं माहीत नाही.

हां, आणि रविवारी तिकडे सुपरमार्केट उघडी असतात!! जर्मनीत राहून रविवारी ब्रेड विकत घेणं काय असतं ते विसरलो होतो. दोन पिशव्या भरून आणल्या.

मनीमाऊ_प्राहा

अरे देवा, 'नो' सांगायचं राहूनच गेलं!! माझ्या बाबतीत पोस्टात झालं होतं, पार्सल आलंय का, नो नो, आणि मी तीन दिवस रोज जाऊन परत येत होते. सॉरी रे. पण मग गोमाशा ऐकायला मिळाल्या नसत्या.

खिडकीची_सीट

पावती ठेवलीस, शाब्बास. फॉर्म देईपर्यंत हलला नाहीस हे महत्त्वाचं.

सडेतोड

हाडं राहिली.

अर्धवट_झोप

सडेतोड काका, मेच्या पहिल्या शनिवारी कुत्ना होरा बघतोय. फोटो बघून आता ते दोघंही म्हणतायत आम्ही येतो, नक्की येतो, तिकीट काढ आमचं पण. मी म्हटलं, नो. कुठल्या भाषेतलं ते सांगितलं नाही.